अर्जदार स्वतः हजर हवा

सोमवार, २ सप्टेंबर

ही वही खरं तर मापांची. कारखाना बंद झाला त्या दिवशी कातर, टेप आणि ही वही एवढंच घेऊन मी बाहेर पडलो. पुढच्या पानांवर शाळेच्या गणवेशांसाठी पोरापोरींच्या छाती-कमरेची मापं आहेत, मागची साठेक पानं कोरी. ती आजपासून माझी. पोटातलं कुठेतरी ओकल्याशिवाय चैन पडणार नाही आणि हिच्याजवळ बोलायची सोय नाही, म्हणून वही.

आज मदत केंद्रात गेलो होतो. चौकातल्या बंद पडलेल्या बँकेच्या जागेत नवीनच निघालंय. ज्यांचं वीजबिल थकलंय, घरभाडं तुंबलंय, त्यांचे अर्ज तिथे भरून घेतात आणि निधीतून मदत करतात. आमचं दोन्ही तुंबलंय. शिवाय घरमालकांनी ऑक्टोबरअखेर जागा रिकामी करा असं पत्र दिलंय. ते पत्र मी कपाटात अस्तराच्या तुकड्यांखाली सरकवून ठेवलं. हिला यातलं अवाक्षर माहीत नाही. तिला वाटतं, कारखान्याने जाताना जे हातावर ठेवलं ते अजून पुरतंय.

तर बिलाची चौपदरी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि रांगेत उभा राहिलो. पुढे दोनच माणसं उरली आणि मागून हाक आली, "मास्तर." आमच्या कारखान्यातला इस्त्रीवाला. मी कापायचं, बायकांनी शिवायचं, याने इस्त्री करायची, असं अठरा वर्षं चाललं. त्याचं बिल त्याच्या हातात होतं, उघडं. मला कानापर्यंत गरम झालं. तेवढ्यात माझा नंबर लागला. टेबलामागे एक बाई होत्या, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर. त्यांनी विचारलं, काय काम काढलंत. आणि माझं तोंड आपलं आपणच म्हणालं, "तुम्हाला माणसं कमी पडतात असं ऐकलं. मदतीला आलोय."

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिशाकडे, मग परत चेहऱ्याकडे. खिशावर डाग पडला होता की काय कोण जाणे. अक्षर बरं आहे का म्हणाल्या. मी म्हटलं, तीस वर्षं मापं लिहितोय, माझ्या अक्षरापायी एकही बाही आखूड निघालेली नाही. मग उद्या दहाला या म्हणाल्या. पगार नाही, चहा मिळेल. "आणि येताना घरचं वीजबिल आणा. पत्त्यासाठी."

गेलो होतो मदत मागायला, आलो नोकरी घेऊन. हिला सांगितलं, काम मिळालं. पगार किती म्हणाली. मी म्हटलं, मानाचं काम आहे. "मान तर मान," ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मंगळवार, ३ सप्टेंबर

बँकेची जागा मोठी मजेची आहे. पैसे मोजायच्या जाळ्या अजून तशाच आहेत आणि तिजोरीच्या खोलीत चहा-साखर ठेवतात. तिजोरीचा दरवाजा दोन माणसांनी ओढावा लागतो. केंद्रात आम्ही तिघं. चष्मेवाल्या बाई मुख्य. दाराशी एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते नंबराचे कागद फाडून देतात आणि सवयीने "पुढे सरका, पुढे सरका" करतात, समोर एकच माणूस असला तरी. तिसरा मी.

बाईंनी मला एक कोरा अर्ज दिला आणि सरावासाठी भरा म्हणाल्या. "तुमच्या स्वतःच्या घराची माहिती घाला. खरीखुरी. म्हणजे हात बसेल."

मी काय असा तसा सापडतो? बसलो आणि झकास अर्ज भरला. स्वतःला दोन मजली घर दिलं, बाग दिली, सात मुलं दिली आणि सातही नोकरीला लावली. बाईंनी वाचला, हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हा माणूस पात्र नाही. पात्र माणसाचा भरून दाखवा." मी सवडीने भरतो म्हटलं. वीजबिल आणलं का विचारलं त्यांनी. विसरलो म्हटलं. ते खिशातच होतं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज सतरा अर्ज. माझ्या टेबलासमोरची खुर्ची जरा बसकी आहे, त्यामुळे येणारा माणूस आधी दिसतो तो खांद्यापासून वर. खांद्यांवरून मला बरंच कळतं. कोट बेचाळीसचा आणि आत माणूस अडतीसचा, असे आज तीन आले. म्हणजे अलीकडे वाळलेले.

एक आजीबाई आल्या. त्यांनी सगळी बिलं एका उशीच्या अभ्र्यात भरून आणली होती, एकही न फोडता. पाकीट फोडलं नाही तर बिल आलं असं होत नाही, हा त्यांचा हिशोब. दोघांनी बसून अकरा पाकिटं फोडली. पाचव्या पाकिटाला त्यांना हसू यायला लागलं, सातव्याला मलाही. शेवटी निघालं काय, तर दोन वर्षांपासून त्यांना सवलतीचा दर मिळायला हवा होता. आजीबाई म्हणाल्या, आधी का नाही सांगितलं कुणी. मी म्हटलं, आजी, तुम्ही आधी यायचंत. कशाला लाजायचं? हक्काची गोष्ट आहे.

बाई शेजारच्या टेबलावरून माझ्याकडे पाहत होत्या. माझं बोलणं त्यांना पटलेलं दिसलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

हिला माझ्या कामात एवढा रस येईल असं वाटलं नव्हतं. तीस वर्षांत कधी तिने विचारलं नाही की बुशशर्टाची कॉलर कशी कापतात. आता रोज संध्याकाळी बैठक. काय काय कागद लागतात, भाडेकरार मूळ लागतो की प्रत चालते, उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा, किती दिवसांत मिळतो, शेवटची तारीख कोणती. मी सगळं तपशीलवार सांगतो. शेवटची तारीख तीस. तिने कॅलेंडरवर तीसला गोल केला. म्हणाली, तुमचं काम त्या दिवशी संपणार ना, म्हणून.

आणखी एक. मशीनची मोटर काढून तिने परत पायाने चालवायला घेतली आहे. शेजारच्या बायकांचे झगे, पडदे, उशांचे अभ्रे शिवते ती. गुडघे दुखतात म्हणून तर मी मोटर बसवून दिली होती. ती म्हणते, पायाला व्यायाम होतो, गुडघे सुधारलेत. संध्याकाळी दिवाही उशिरा लावते, डोळ्यांना उजेड खुपतो म्हणते. या वयात माणसाला काय काय होतं. पण गुडघे सुधारले हे बरं झालं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

अर्जासोबत प्रती जोडाव्या लागतात. चौकात झेरॉक्सचं दुकान एकच आणि ते आमच्या घरमालकांचं. सकाळपासून मी तिथे माणसं धाडतोय आणि सगळी जाऊन सांगतात, मास्तरांनी पाठवलं. आज संध्याकाळी जिन्यात मालक समोरासमोर आले. मी भिंतीला चिकटलो. वाटलं आता भाड्याचं काढणार. ते म्हणाले, मास्तर, मशीनची शाई संपली तुमच्यामुळे. मग म्हणाले, लेक परत येतेय कायमची, दोन मुलांना घेऊन, म्हणून जागा हवी आहे, गैरसमज नको. मी म्हटलं छे छे, गैरसमज कसला. ते म्हणाले, वहिनींना सांगितलंत ना? मी म्हटलं, सांगितलं. ते विचित्रच हसले.

मंगळवार, १७ सप्टेंबर

कबूल करायचं तर आज करतो. मी एकशे दोन अर्ज भरले आणि माझा भरला नाही. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. एक, माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं राहून जाईल. दोन, केंद्रातल्या माणसानेच हात मारला असं लोक म्हणतील. तीन, आधी दुसरं काम मिळतं का बघू. सोमवारी एका दुकानात विचारलंही. त्यांना पंचविशीतला माणूस हवा होता. मी म्हटलं, पंचवीस काय, तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खरं कारण लिहायचं तर ते असं, की कारखान्यात सगळी मला मास्तर म्हणायची. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, पैसे लागले की माझ्याकडे यायची. मी दिले. मोठेपणासाठी नाही, होते म्हणून दिले. आता त्यातलाच एखादा त्या बसक्या खुर्चीत मला बघेल, ही कल्पना सहन होत नाही. मुलीला फोनवर सांगून टाकावं असं एकदा मनात आलं, पण तिचं बाळ दोन महिन्यांचं, तिच्या जिवाला घोर कशाला.

आज बाईंनी एक नवीन पद्धत सुरू केली. दर तासाला कुणीतरी उभं राहून नियम मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचायला मला लावलं, माझा आवाज खणखणीत आहे म्हणून. नऊ नंबरचा नियम असा आहे की केंद्रात काम करणारी व्यक्ती पात्र असल्यास तिलाही अर्ज करता येईल, फक्त तो दुसऱ्याने भरावा. बाई म्हणाल्या, नववा नीट ऐकू आला नाही, परत वाचा. परत वाचला. कंडक्टर म्हणाले, मागे पोचला नाही. तिसऱ्यांदा वाचला. एवढं खणखणीत वाचूनही लोकांना ऐकू येत नाही, नवल आहे. बँकेचं छत उंच म्हणून असेल.

बुधवार, १८ सप्टेंबर

इस्त्रीवाला परत आला होता, त्याचं बिल मंजूर झाल्याचं पत्र घ्यायला. मला म्हणाला, मास्तर तुम्ही असताना मला काळजी नव्हती. मी म्हटलं, माझं काय त्यात, तुझा हक्क. तो गेल्यावर कितीतरी वेळ मी पेनचं टोपण उघडायचो आणि परत लावायचो.

सोमवार, २३ सप्टेंबर

बाईंनी आज डबा माझ्याबरोबर खाल्ला. तिजोरीत बसून. एरवी त्या टेबलावरच एका हाताने जेवतात. मी विचारलं, एवढी माणसं रोज बघून थकायला होत नाही का. त्या म्हणाल्या, येतात त्यांचा थकवा नाही येत. न येणाऱ्यांचा येतो. ती कुठेतरी घरात बसून कपाटात कागद लपवतात आणि आपण इथे तारखा मोजत बसतो. मी म्हटलं, खरं आहे, अशा माणसांना कुणीतरी समजवायला हवं. बाईंनी घास चावून संपवला, मग म्हणाल्या, "समजवलेलं नाही चालत, मास्तर. एका मर्यादेपुढे ढकललं की ती माणसं परत येतच नाहीत."

मोठ्या अनुभवी आहेत बाई. मी वहीत उतरवून ठेवतोय, उपयोगी पडेल.

गुरुवार, २६ सप्टेंबर

वीज कापली.

दुपारी दोन माणसं आली म्हणे. मी घरी पोचलो तेव्हा ही खिडकीपाशी बसून अभ्र्याला हाताने टीप घालत होती. मी बटण दाबलं, परत दाबलं. म्हटलं, सगळीकडची गेलेली दिसते, मोठा बिघाड असेल. ती म्हणाली, असेल. खालच्या मजल्यावर टीव्ही सुरू होता. बातम्या अगदी स्पष्ट ऐकू येत होत्या. मी म्हटलं, त्यांच्याकडे बॅटरी असेल. ती म्हणाली, "हो. बॅटरीच असेल."

आम्ही उजेड होता तोवर जेवून घेतलं. नंतर ती माझ्या उजव्या हाताच्या बोटांना तेल चोळत बसली. कातरीने पडलेले घट्टे आहेत ते, वर्षभर कापड हातात घेतलं नाही तरी मऊ होत नाहीत. उद्या भरतो अर्ज. नक्की.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

नाही भरला. सकाळपासून रांग रस्त्यापर्यंत. बाईंनी एकदा माझ्या टेबलावर कोरा अर्ज ठेवला आणि काही न बोलता गेल्या. मी तो रांगेतल्या पुढच्याच बाईंसाठी वापरला. त्यांची तीन मुलं होती, काय करणार.

सोमवार, ३० सप्टेंबर

आजचं सगळं लिहायलाच हवं. 

शेवटचा दिवस. दहाच्या आत कंडक्टरांचे ऐंशी नंबर संपले, त्यांनी जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहून द्यायला सुरुवात केली. मी मान वर न करता लिहीत होतो. साडेअकराच्या सुमाराला पुढचा म्हटलं, समोर कुणीतरी बसलं आणि एक पिशवी टेबलावर आली. मी नाव विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून वर पाहिलं. ही बसली होती.

निळा स्वेटर, केस नीट विंचरलेले, बाहेरगावी निघाल्यासारखी. पिशवीतून तिने प्लास्टिकचं पाकीट काढलं. वीजबिल. वीज कापल्याची नोटीस. भाडेकरार, मूळ आणि प्रत. उत्पन्नाचा दाखला, ताज्या शिक्क्याचा. आणि मालकांचं पत्र, ज्याच्या घडीत अजून अस्तराचा एक दोरा अडकलेला होता. सगळं माझ्यासमोर ओळीने लावलं, जसं मीच तिला रोज संध्याकाळी सांगितलं होतं.

मागे बाकावर माणसं होती.  ती अनोळखी माणसाशी बोलतात तशी म्हणाली, "भाऊ, अर्ज इथेच भरून मिळतो ना?"

आयुष्यात तिने मला पहिल्यांदा भाऊ म्हटलं. मी अर्ज ओढला. दुसरं काय करणार, रांग होती. छापलेले प्रश्न क्रमाने विचारत गेलो. राहायला कुठे. तिने आमचा पत्ता सांगितला, मी लिहिला. घरात माणसं किती. दोन. अपत्यं. एक मुलगी, तिच्या घरी सुखी, तिला कळवलेलं नाही. कमावणारं कोण.

"दोघंही," ती म्हणाली. "मी शिवण करते. हे रोज दहा ते पाच कामाला जातात, लोकांची घरं वाचवतात. पगार मिळत नाही, एवढंच."

मी तेवढं लिहू शकलो नाही. रकान्यात जागा नव्हती. शिवण एवढंच लिहिलं. अडचण कधीपासून, या प्रश्नाला तिने महिना सांगितला. मी सांगितला असता त्याच्या दोन महिने आधीचा. घाईत महिने मोजायला चुकली असेल. मी मान खाली घालून पुढचा रकाना वाचला आणि तोंडपाठ वाक्य बोलून गेलो, दिवसातून पन्नास वेळा बोलतो तेच. करार यजमानांच्या नावे असल्यामुळे तुमची सही चालणार नाही, अर्जदार स्वतः हजर हवा.

"हजर आहे की," ती म्हणाली. "खुर्ची तेवढी चुकली आहे."

बाकावर कुणीतरी खोकलं. माझ्या मागे बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, कधीपासून ते माहीत नाही. त्यांनी माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं. "उठा मास्तर. नववा नियम. तुमचा अर्ज तुम्हाला भरता येत नाही."

टेबलाला वळसा घालायला चार पावलं लागतात. ती मी टाकली. हिने शेजारचं स्टूल ओढून घेतलं आणि मी त्या बसक्या खुर्चीत बसलो. तीनशेच्या वर माणसं मी तिथे बसलेली पाहिली, पण तिथून काय दिसतं ते मला माहीत नव्हतं. चेहरा बघायचा धीर होत नाही. समोरच्याचे हात दिसतात. बाईंच्या हातावर शाई होती आणि नखं वाकडीतिकडी कापलेली. मला एकदम बरं वाटलं.

बाईंनी सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. मी उत्तरं दिली, खरी. माझा आवाज खणखणीत आहे, तो हळू करता येत नाही, त्यामुळे सगळ्या बँकेला ऐकू गेला. घर, थकबाकी, लपवलेलं पत्र, सगळं. कुणी हसलं नाही. खरं म्हणजे कुणाचं लक्षच नव्हतं, ज्याला त्याला आपापल्या कागदांची काळजी. इस्त्रीवाला आज आपल्या बहिणीला घेऊन आला होता, तो बाकाच्या टोकाला उभा होता. मी सही केली आणि कागद सरकवला, तर तो वाकून म्हणाला, "मास्तर, मागच्या पानावर पण लागते."

केली. तीनशे माणसांना मी सांगितलं असेल, मागे पण सही, मागे पण सही.

मग मी उठलो, टेबलाच्या पलीकडे गेलो आणि उरलेले चाळीस अर्ज भरले. ही तिजोरीत जाऊन सगळ्यांचा चहा करत बसली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

रात्री झोप छान लागली. सकाळपासून विचार करतोय. हिला वीज कापल्यावर संशय आला असणार आणि तीन दिवसांत तिने सगळे कागद गोळा केले. कमाल आहे बाईची. दाखल्याला तर आठवडा लागतो, तिला कसा लवकर मिळाला देव जाणे. तिला म्हटलं तसं. ती पोट धरून हसली. काय ते सांगेना.

चष्मेवाल्या बाईंचंही कौतुक. आपल्याच केंद्रातला माणूस अडचणीत आहे हे असं अचानक कळल्यावर एखादीला धक्का बसला असता. त्यांच्या चेहऱ्यावर रेषा हलली नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

वीज आली. पाहणी झाली की बिल निधीतून लगेच भरतात, भाड्याचा निकाल मागाहून. तारजोडणीचा माणूस गेल्यावर हिने घरातले सगळे दिवे एकदम लावले, भर दुपारी. मग दोन मिनिटांनी एकेक करून बंद केले.

काल पाहणीला कंडक्टर आले होते. अर्जदाराच्या घरी जाऊन बघायचं असतं. दारातून आत येताना सवयीने पुढे सरका म्हणाले आणि आम्ही दोघं खरंच सरकलो. त्यांनी खोल्या पाहिल्या, शिवणयंत्राची नोंद केली. मग हिला म्हणाले, वहिनी, पडद्याचं काम घेता का, केंद्राला पडदे हवेत. हिने माप घ्यायला मला पाठवायचं कबूल केलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

निकाल आला. बाईंनी पाकीट हातात दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

तीन महिन्यांचं भाडं निधीतून थेट मालकांना मिळेल. घर मात्र सोडावं लागणार. मालकांची लेक खरीच येतेय, त्याला कुणाचा इलाज नाही.  बावीस वर्षं राहिलो त्या घरात. दारामागे मुलीची उंची पेन्सिलने मोजलेली आहे, दर वाढदिवसाची. पण पाकिटात दुसरा कागद होता. जुन्या टपाल कार्यालयाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, त्या दुरुस्त करून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना देतायत, भाडं मिळकतीप्रमाणे. यादीत आमचा नंबर चौदा, खोल्या सोळा. तळमजला. हिच्या गुडघ्यांसाठी मी एवढा एकच रकाना मागाहून जास्तीचा भरायला लावला होता. हो, गुडघे सुधारलेले नाहीत. वीज आल्यावर मोटर परत लावली, तेव्हा तिने सांगितलं.

घरी जाऊन हिला दोन्ही कागद दिले. ती आधी रडली, मग म्हणाली, खिडकी कोणत्या दिशेला आहे.

संध्याकाळी मालक वर आले. हातात स्क्रूड्रायव्हर. मी विचारलं काय झालं. ते म्हणाले, दारामागच्या त्या फळीवर पेन्सिलच्या खुणा आहेत ना. फळी निघते. घेऊन जा.

रविवार, ३ नोव्हेंबर

आज सामान हलवलं, मालकांनी रविवारपर्यंत थांबू दिलं होतं. इस्त्रीवाल्याने हातगाडी आणली, कंडक्टरांनी रस्ता मोकळा करत पुढे चालण्याचं काम केलं. मालकांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात न टाकता हातातच धरून बराच वेळ उभे राहिले.

खोली एक, पुढे ओटा, मागे मोरी. भिंतींना नवा रंग, त्याचा वास अजून आहे. खिडकी पूर्वेला. हिने आधी मशीनची जागा ठरवली, मग त्याभोवती बाकीचं घर.

कपाट दारातून जाईल असं मी काल टेपने मोजून सांगितलं होतं. ते अर्धं आत आलं आणि अडकलं. दोन बोटांचा फरक. तीस वर्षं माझी बाही आखूड निघाली नाही, आणि आज मी आत, ही आत, कपाट दारात, मदतीची माणसं सगळी बाहेर. कपाटाच्या वरून फटीतून एक टक्कल दिसलं. समोरच्या खोलीतले घड्याळजी, आमच्या आधी आठ दिवस राहायला आलेले. त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळे साथ देत नाहीत. मग बाहेरून कपाटाला खांदा लावता लावता म्हणाले, इथे खोली मिळणं सोपं नाही हो, तुमची वर कुणाशी ओळख होती का.

ही कपाटाची खालची बाजू धरून वाकली होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

"नाही," मी म्हटलं. "बिल थकलं होतं, भाडं थकलं होतं. रांगेत उभा राहिलो, अर्ज केला."

फटीतलं टक्कल आणखी जवळ आलं. मग ते म्हणाले, मी पण. तीनदा परत गेलो होतो दारातून.

मी म्हटलं, मी महिनाभर आतच होतो, तरी पोचलो नव्हतो. ते त्यांना कळलं नाही. कळायला चहा प्यावा लागेल आणि चहाचं सगळं कपाटात होतं.

घड्याळजी म्हणाले, दारं काढा कपाटाची. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हिने आतून बिजागऱ्या सैल केल्या, मी दारं सांभाळली, बाहेरून तिघांनी एकदम रेटा दिला. कपाट आत आलं. मागोमाग घड्याळजी आले, आणि विचारायच्या आधीच बसलेसुद्धा.